हौशी विमानबांधणी आणि उड्डाणाचे व्यावहारिक प्रश्न

विमान म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे मोठे कारखाने, शेकडो अभियंते आणि कोट्यवधी रुपयांचे भांडवल उभे राहते. परंतु विमानविद्येचा आरंभ कारखान्यात झाला नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजी ज्यांचे यंत्र प्रथम १२ सेकंद हवेत राहिले, ते ऑर्व्हिल आणि विल्बर हे राइट बंधू सायकलींचे दुकान चालवीत असत. ब्राझीलचे आल्बेर्तो सांतोस-दुमाँ यांनी आपल्या ‘दम्वाझेल’ नावाच्या चिमुकल्या विमानाचे एकस्व न घेता ते सर्वांसाठी खुले ठेवले आणि १९१० मध्ये त्याचे आराखडे एका अमेरिकन मासिकात छापून आले. तेव्हापासून आजपर्यंत घराच्या पडवीत, गाडीच्या गॅरेजात किंवा एखाद्या रिकाम्या खोलीत स्वतःच्या हातांनी विमान बांधणाऱ्यांची परंपरा अखंड चालत आली आहे. ब्रिटनमध्ये १९४६ साली आणि अमेरिकेत १९५३ साली अशा हौशी मंडळींच्या संघटना स्थापन झाल्या. आज अनेक देशांत घरी बांधलेली हजारो विमाने कायदेशीर रीतीने उडत आहेत. आपल्याकडेही कांदिवली येथील एका इमारतीच्या गच्चीवर वैमानिक अमोल यादव यांनी बांधलेले सहा आसनी विमान २०१६ मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले.

लाकूड, कापड, सरस, ॲल्युमिनियमचा पत्रा अथवा काचतंतू यांपासून विमानाचा सांगाडा उभा करणे हे चिकाटीचे काम आहे. पण ते अशक्य नाही. खरा प्रश्न सांगाडा पुरा झाल्यावर उभा राहतो. हे यंत्र हवेत गेल्यावर कसे वागेल? कारखान्यातून आलेल्या विमानाविषयी या प्रश्नाचे उत्तर कोणीतरी आधीच शोधून ठेवलेले असते. हौशी बांधणाऱ्याला मात्र ते स्वतःच शोधावे लागते, आणि उत्तर चुकले तर त्याची किंमत बहुधा प्राणांनी द्यावी लागते. या पुस्तिकेत अशाच काही व्यावहारिक प्रश्नांचा विचार केला आहे. त्यांचे महत्त्व पटण्यासाठी प्रथम एका प्रसिद्ध विमानाची हकिकत पाहणे उपयुक्त ठरेल.

‘आकाशातील पिसू’

आँरी मिन्ये हे फ्रान्समधील एक हौशी विमानबांधक होते. प्रचलित विमान चालविताना दोन्ही हात व दोन्ही पाय यांचा मेळ घालावा लागतो, तो आपणास नीट साधत नाही, असा त्यांचा अनुभव होता. आपल्यासारखी अडचण इतर सामान्य माणसांनाही येत असणार, असे मानून त्यांनी विमानाची रचनाच बदलून टाकली. त्यांच्या यंत्रात एकामागे एक असे दोन पंख होते. नेहमीचे शेपटीचे आडवे पाते नव्हते, पंखांच्या कडांना हलत्या झडपा नव्हत्या आणि पायांनी दाबावयाची पेडलेही नव्हती. नियंत्रणदांडा मागे ओढला की पुढचा पंख आपल्या बिजागरीवर फिरून त्याची पुढील कड वर उचलली जाई; दांडा डावी-उजवीकडे नेला की मागचे मोठे सुकाणू वळे. एवढ्यावर सारे उड्डाण भागे.

१० सप्टेंबर १९३३ रोजी हे विमान प्रथम उडाले. पुढच्याच वर्षी मिन्ये यांनी आपल्या पुस्तकात त्याचे आराखडे व कृती प्रसिद्ध केली. साधे सुतारकाम येणाऱ्या कोणासही ते बांधता येईल, असा त्यांचा दावा होता. यंत्राला त्यांनी ‘पू-दु-सिएल’, म्हणजे ‘आकाशातील ऊ’, असे गमतीचे नाव दिले. इंग्रजीत त्याची ‘उडती पिसू’ झाली. १३ ऑगस्ट १९३५ रोजी मिन्ये स्वतः या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडून इंग्लंडला आले, तेव्हा तेथे उत्साहाला उधाण आले. ठिकठिकाणी पिसूंची बांधणी सुरू झाली. कोणी मोटारसायकलचे एंजिन बसविले, तर कोणी मोटारगाडीचे.

लवकरच अपघातांच्या वार्ता येऊ लागल्या. त्यांत एक विलक्षण साम्य होते. विमान नाक खाली करून सूर मारी आणि मग वर येतच नसे. वैमानिकाने दांडा पूर्ण मागे ओढला तरी ते जमिनीवर आदळेपर्यंत त्याच दिशेने जाई. १९३६ मध्ये फ्रान्समधील शाले-मदाँ आणि इंग्लंडमधील फार्नबरो येथील मोठ्या वातविवरांत या विमानाची परीक्षा करण्यात आली. वातविवर म्हणजे ज्यात स्थिर ठेवलेल्या वस्तूवरून पंख्याच्या साहाय्याने हवा वाहविली जाते, असा बोगदा. पूर्ण आकाराचे विमान अशा बोगद्यात ठेवून त्यावरील बले मोजली गेली, तेव्हा उलगडा झाला.

पिसूचे दोन्ही पंख एकमेकांच्या फार जवळ होते. पुढच्या पंखाची मागील कड मागच्या पंखाच्या पुढील कडेवर जवळजवळ आलेली होती. या दोहोंमध्ये एक अरुंद फट राही. दांडा मागे ओढला की पुढच्या पंखाची मागील कड खाली येई आणि फट अधिकच अरुंद होई. त्या फटीतून वेगाने जाणाऱ्या हवेमुळे मागच्या पंखाचे उत्थापक बल वाढे. मागचा पंख गुरुत्वमध्याच्या मागे असल्याने त्याचे वाढलेले बल शेपटी वर उचली, म्हणजेच नाक खाली दाबी. सामान्य उड्डाणात पुढच्या पंखाची उचल या परिणामावर मात करी. परंतु विमानाचे नाक सुमारे १५ अंशांहून अधिक खाली गेले की पारडे फिरे, आणि वैमानिकाच्या हाती नाक वर आणण्याइतके बल उरत नसे. दांडा ओढणे ही सुटकेची एकमेव वाट. पण तीही त्या क्षणी बंद झालेली असे.

या प्रकरणातील सर्वांत बोधप्रद गोष्ट अशी की, ती फट मिन्ये यांनी निष्काळजीपणाने ठेवलेली नव्हती. मंद वेगात पंखाची उचल एकाएकी नाहीशी होऊन विमान कोसळू नये, यासाठीच त्यांनी फटीचा उपयोग करून घेतला होता, आणि त्या कामी ती उपयोगी पडतही होती. एका संकटावरील उपायाने दुसरे संकट निर्माण केले. मिन्ये यांच्या स्वतःच्या शेकडो सुरळीत उड्या त्या दुसऱ्या संकटाच्या हद्दीत कधी शिरल्या नव्हत्या, इतकेच. विमान पुष्कळदा उडाले म्हणजे ते निर्दोष आहे असे सिद्ध होत नाही; ज्या मर्यादेत ते उडाले त्या मर्यादेपुरतेच ते पारखले गेले, एवढेच सिद्ध होते. ब्रिटनमध्ये या विमानाला उड्डाणाचे परवाने देणे पुढे थांबले. मिन्ये यांनी मात्र संशोधन सोडले नाही. रचनेतील दोष दूर करून त्यांनी नवी विमाने आखली, आणि त्यांच्या कल्पनेवर आधारलेली सुधारित विमाने नंतरच्या काळात निर्धोकपणे उडाली.

पहिला प्रश्न : तोल कोठे आहे?

विमानाचे सर्व वजन ज्या एका बिंदूशी एकवटले आहे असे मानता येते, तो त्याचा गुरुत्वमध्य. तो योग्य जागी असेल तर वाऱ्याच्या धक्क्याने नाक वर-खाली झाले तरी विमान आपोआप पूर्वस्थितीला येते. तो फार पुढे असेल तर उतरताना नाक उचलणे कठीण जाते. तो फार मागे असेल तर विमान चंचल होते आणि गिरकीत सापडल्यास तीतून बाहेर येणे दुरापास्त ठरते. या दोन चुकांपैकी दुसरी अधिक घातक असते.

गुरुत्वमध्य काढण्याची रीत शाळेतील तराजूच्या नियमाहून निराळी नाही. एक उदाहरण घेऊ. एका छोट्या एकआसनी विमानाच्या पंखाची रुंदी १२० सेंटिमीटर आहे. पंखाची पुढील कड हा मोजणीचा आरंभबिंदू मानला. पुढची दोन चाके त्या कडेच्या १० सेंटिमीटर मागे आहेत आणि शेपटीचे चाक ४१० सेंटिमीटर मागे आहे. विमान उड्डाणातल्याप्रमाणे समतल ठेवून चाकांखाली वजनकाटे ठेवले, तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांवर मिळून २४७ किलोग्रॅम व शेपटीवर १३ किलोग्रॅम भरले. प्रत्येक वजनाला त्याच्या अंतराने गुणून बेरीज केली म्हणजे २,४७० अधिक ५,३३०, अर्थात ७,८०० येतात. त्यास एकूण वजन २६० ने भागले की ३० सेंटिमीटर हे उत्तर मिळते. रिकाम्या विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या २५ टक्क्यांवर आहे.

आता ८० किलोग्रॅम वजनाचा वैमानिक ६० सेंटिमीटरवर बसला. एकूण वजन ३४० झाले आणि गुरुत्वमध्य सुमारे ३७ सेंटिमीटरवर सरकला. आराखड्यात मागची मर्यादा ४० सेंटिमीटर दिली असेल, तर येथवर सर्व ठीक आहे. पण बांधणाऱ्याने हौसेने शेपटीला रंगाचे आणखी थर दिले आणि तेथे, म्हणजे ४०० सेंटिमीटरवर, अवघे २ किलोग्रॅम वाढले असे समजू. गुरुत्वमध्य ३९ सेंटिमीटरच्याही पुढे मागे जातो. त्यातच आसनामागे १३० सेंटिमीटरवर १५ किलोग्रॅमचे सामान ठेवले, तर तो ४३ सेंटिमीटरवर पोहोचतो. मर्यादा केव्हाच ओलांडली गेली. आणि विमानाकडे नुसते पाहून ही गोष्ट कोणाच्याही लक्षात येणार नाही. म्हणूनच बांधणी संपल्यावर विमान प्रत्यक्ष तोलले पाहिजे. आराखड्यावरील आकडे हे आराखडा काढणाऱ्याच्या विमानाचे असतात, आपल्या विमानाचे नव्हेत.

दुसरा प्रश्न : वळताना वेग किती हवा?

पंख हवेला ज्या कोनात सामोरा जातो त्याला आपातकोन म्हणतात. हा कोन वाढविला की काही मर्यादेपर्यंत उचल वाढते. बहुतेक साध्या पंखांत सुमारे १५ अंशांच्या पुढे हवा पंखाच्या वरच्या पृष्ठाला धरून वाहीनाशी होते, ती सुटून भोवरे निर्माण होतात आणि उचल झपाट्याने घटते. यालाच वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. एंजिन बंद पडण्याशी याचा काही संबंध नाही. एंजिन उत्तम चालू असतानाही पंख स्टॉल होऊ शकतो.

सरळ उड्डाणात स्टॉलचा वेग ताशी ७० किलोमीटर असलेले विमान घेऊ. उंची कायम राखून वळण्यासाठी विमान एका बाजूस कलवावे लागते. कललेल्या पंखाच्या उचलीचा काही भाग वळविण्यात खर्च होतो. म्हणून वजन पेलण्यासाठी एकूण उचल वाढवावी लागते, आणि त्यासाठी आपातकोन वाढवावा लागतो. परिणामी स्टॉलचा वेगही वाढतो. ३० अंश कलल्यास तो ताशी ७५, ४५ अंशांस ८३ आणि ६० अंशांस ९९ किलोमीटर होतो. धावपट्टीकडे येताना स्टॉलच्या वेगाच्या १.३ पट वेग राखण्याचा प्रघात आहे. या विमानाच्या बाबतीत तो ताशी ९१ किलोमीटर येतो. सरळ येताना हा वेग सुरक्षित आहे. पण उंची टिकविण्याच्या प्रयत्नात ६० अंशांचे वळण घेतल्यास त्याच वेगाला पंख स्टॉल होईल.

नेमकी हीच चूक उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या वळणात घडते. वारा मागून ढकलीत असल्याने विमान धावपट्टीच्या रेषेपलीकडे जाऊ लागते. वैमानिक वळण आवळतो, सुकाणू अधिक दाबतो आणि नाक खाली जाऊ लागले की दांडा मागे ओढतो. एक पंख दुसऱ्याआधी स्टॉल होऊन विमान गिरकी घेते. हजार मीटरांवर असलेल्या कुशल वैमानिकाला तीतून सुटता येईल. शंभर-दीडशे मीटरांवर वेळच नसतो. उपाय साधा आहे : वळण चुकले तर ते आवळू नये, शक्ती वाढवून सरळ वर जावे व पुन्हा फेरी घ्यावी.

हौशी बांधणाऱ्यापुढे येथे आणखी एक अडचण असते. त्याच्या वेगदर्शकाचा काटा खरे सांगतो की नाही, हेच त्याला ठाऊक नसते. हवेचा दाब टिपणारी नळी चुकीच्या जागी बसविल्यास काटा कित्येक किलोमीटरांनी फसवू शकतो. म्हणून भरपूर उंचीवर जाऊन, विमान सावकाश मंद करीत, आपल्या काट्यावर कोणत्या आकड्याला पंख स्टॉल होतो हे नोंदवून ठेवावे लागते. उतरताना तोच आकडा उपयोगी पडतो.

तिसरा प्रश्न : उन्हाळ्यात बर्फ कसा?

एंजिनातील कार्ब्युरेटरमध्ये हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते आणि तीत पेट्रोलचे तुषार मिसळतात. हवा प्रसरण पावल्याने आणि पेट्रोलचे बाष्प झाल्याने तेथील तापमान २० अंश सेल्सियस किंवा त्याहूनही अधिक उतरू शकते. हातावर स्पिरिट लावल्यास जो गारवा जाणवतो, त्याचेच हे मोठे रूप. हवा दमट असेल तर बाहेर २५ अंश तापमान असतानाही आत बर्फ धरतो. कोकणातील पावसाळी हवेसारखी हवा या दृष्टीने अगदी अनुकूल होय. एंजिन मंद करून खाली उतरताना झडप जवळजवळ मिटलेली असते. तेव्हा थोडासा बर्फही हवेची वाट अडवितो.

लक्षणे हळूहळू दिसतात. एंजिनाचे फेरे थोडे थोडे कमी होतात आणि वैमानिक नकळत झडप उघडीत राहतो. एंजिनाच्या धुराच्या नळीभोवती तापलेली हवा कार्ब्युरेटरकडे वळविणे हा यावरील उपाय आहे. मात्र गरम हवा सोडल्यावर आरंभी फेरे आणखी घटतात आणि वितळलेले पाणी आत गेल्याने एंजिन खोकू लागते. अननुभवी वैमानिक घाबरून गरम हवा बंद करतो आणि संकट कायम करतो. थोडा धीर धरल्यास बर्फ निघून जाऊन एंजिन पूर्ववत चालते. मोटारगाडीचे एंजिन विमानात बसविणाऱ्याने ही व्यवस्था स्वतः करावयाची असते. गाडी रस्त्यावर बंद पडली तर ती कडेला लावता येते. आकाशात कडा नाही.

इंधनाच्या नळीविषयीही असेच म्हणता येईल. टाकी वर ठेवून इंधन आपोआप खाली उतरू दिले असेल, तर विमान चढताना नाक जितके वर असते तितके ते जमिनीवर उचलून धरावे आणि नळीतून मिनिटाला किती इंधन येते ते मोजावे. पूर्ण शक्तीला लागणाऱ्या इंधनाच्या दीडपट प्रवाह मिळाला पाहिजे, असा मान्य नियम आहे. एक बादली, एक घड्याळ आणि अर्धा तास एवढ्या खर्चात होणारी ही परीक्षा न केल्यामुळे जमिनीवर सुरळीत चाललेले एंजिन उड्डाणानंतर पहिल्याच चढणीवर बंद पडू शकते.

पहिले उड्डाण

अनेक वर्षांच्या श्रमांनंतर उजाडलेला पहिल्या उड्डाणाचा दिवस हा बांधणाऱ्याच्या आयुष्यातील मोठा दिवस असतो. नेमके म्हणूनच त्या दिवशी विवेक सुटण्याचा संभव असतो. आप्तेष्ट जमलेले असतात, छायाचित्रकार आलेले असतात, आणि वारा थोडा वाढला तरी ‘आज नको’ असे म्हणणे जड जाते. शिवाय विमान बांधण्यात गुंतलेल्या माणसाचा स्वतःच्या उड्डाणाचा सराव पुष्कळदा त्या वर्षांत सुटलेला असतो. हात करवतीला सरावलेले असतात, दांड्याला नव्हेत. अशा वेळी त्याच जातीचे दुसरे विमान आधी चालवून हात बसवावा, किंवा पहिली फेरी अनुभवी वैमानिकाच्या हाती सोपवावी, हा शहाणपणाचा मार्ग होय.

अमेरिकेतील नियमांनुसार विमानाचा मोठा भाग हौशी व्यक्तींनी स्वतः, शिक्षणासाठी किंवा छंदासाठी बांधलेला असावा लागतो. बांधून झालेल्या विमानाची सरकारी तपासणी होते. त्यानंतरही आरंभीचे काही तास, सामान्यतः २५ किंवा ४०, ते ठरवून दिलेल्या क्षेत्रातच उडवावे लागते आणि त्यातून प्रवासी नेता येत नाहीत. या तासांचा हेतू केवळ मुदत भरणे हा नाही. प्रत्येक उड्डाणात एकच नवी गोष्ट पारखावयाची, तिची नोंद करावयाची आणि मगच पुढची पायरी चढावयाची, अशी ही शिस्त आहे. आज थोडा अधिक वेग, उद्या थोडे अधिक वजन, परवा थोडे तीव्र वळण, अशा क्रमाने विमानाच्या मर्यादा हळूहळू स्पष्ट होतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये अशा विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एंजिनाची शक्ती जाणे आणि हवेत ताबा सुटणे ही प्रमुख कारणे असल्याचे आणि विमानाच्या आयुष्याच्या आरंभीच पुष्कळ अपघात घडत असल्याचे त्यात आढळून आले. वर चर्चिलेले प्रश्न जुने झालेले नाहीत, हे यावरून दिसून येईल.

राइट बंधूंच्या चरित्राकडे पुन्हा वळल्यास त्यांच्या यशाचे रहस्य कळते. एंजिन बसविण्याआधी तीन वर्षे ते एंजिनविरहित यंत्रांतून वाळूच्या टेकड्यांवरून घसरत उडत होते. उपलब्ध आकडे आपल्या अनुभवाशी जुळत नाहीत असे दिसताच १९०१ मध्ये त्यांनी स्वतःच एक छोटे वातविवर केले आणि सुमारे दोनशे पंखाकारांची परीक्षा घेतली. तेही हौशीच होते. परंतु त्यांनी प्रश्न आधी विचारले आणि उड्डाण नंतर केले. पिसूच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला : उड्डाणे आधी झाली, माणसे दगावली आणि वातविवरातील परीक्षा मागाहून आली. वजनकाटा, मोजपट्टी, घड्याळ आणि नोंदवही ही साधने कोणत्याही खेड्यातील शाळेत मिळण्यासारखी आहेत. हौशी विमानबांधणाऱ्याचे प्राण एंजिनावर जितके अवलंबून असतात, तितकेच या साध्या साधनांच्या प्रामाणिक उपयोगावरही अवलंबून असतात.